डाउनलोड आणि एक्स्ट्रॅक्शनसाठी नवा डेस्कटॉप: पैसे प्रोसेसरवर घालू की एसएसडीवर?

सातारी_नकाशे

नमस्कार मंडळी. नवा डेस्कटॉप जुळवायचाय. गेमिंग शून्य. काम असं:

कोपर्निकसच्या (युरोपचा उपग्रह-प्रकल्प) साइटवरून सेंटिनेल-२ च्या उपग्रह प्रतिमा (एकेक टाइल झिपमध्ये, साधारण १ जीबी, शे-दोनशे एकदम), विकिपीडियाचे बीझेड२ डम्प (सगळे लेख एकत्र दाबलेल्या फाइली) इंग्रजीसकट, आणि इतरांकडून येणाऱ्या सेव्हन-झेड व तुकडे पाडलेल्या रार फाइली. महिन्याला दीड टीबी उतरतं, उलगडून आणखी अडीच टीबी होतं. लाइन ३०० एमबीपीएस फायबर, विंडोज ११. बजेट ७० हजार, मॉनिटर आहे.

दुकानातून आलेली यादी: आय७-१४७००एफ, जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम (एकच स्टिक), १ टीबी क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट, स्वस्त प्रकार) एनव्हीएमई एसएसडी, २ टीबी बाराकुडा हार्ड डिस्क. त्यांचं म्हणणं, एक्स्ट्रॅक्ट करताना सगळा ताण प्रोसेसरवर येतो. पण माझ्या जुन्या ४ कोर, ८ थ्रेडच्या मशीनवर मोठी सेव्हन-झेड उलगडताना टास्क मॅनेजर १३ टक्क्यांच्या वर सरकत नाही, आणि तरी तास जातो. नेमकं अडतं कुठे?

---

हफमनचा_वारस

तो १३ चा आकडा बघा. ८ थ्रेडपैकी एक म्हणजे साडेबारा टक्के. एक थ्रेड घाण्याला जुंपलेला, बाकी सात बांधावर बसलेले. १४७०० ला २८ थ्रेड आहेत. तिथे तोच आकडा चारच्या खाली दिसेल आणि वेळ कमी होईल तो फक्त एका कोरच्या वेगातल्या फरकाएवढा.

कारण एलझेडएमए (सेव्हन-झेडची दाबण्याची पद्धत) ही "इतकं मागे जा, तिथून इतके बाइट उचल" अशा सूचनांची माळ आहे. मागचं उलगडल्याशिवाय पुढचं कळत नाही, त्यामुळे काम वाटून देता येत नाही. सेव्हन-झिपच्या अलीकडच्या आवृत्त्या एलझेडएमए२ अनेक थ्रेडवर उलगडतात, पण पॅक करणाऱ्याने आत स्वतंत्र तुकडे ठेवले असतील तरच. फाइल सॉलिड (आतल्या सगळ्या फाइली एकसलग दाबलेल्या) असेल तर आणखी एक डोकेदुखी: शेवटची एक फाइल हवी असली तरी तिच्या आधीचं सगळं उलगडावं लागतं.

बीझेड२ चं उलट. त्यात जास्तीत जास्त ९०० केबीचे सुटे ब्लॉक असतात, त्यामुळे सेव्हन-झिप सगळे कोर कामाला लावतं. तुमच्या यादीत जास्त कोरांचा खरा फायदा होईल असं हे एकच काम. सेंटिनेलच्या झिपमध्ये जेपी२ (जेपेग २०००) प्रतिमा आधीच दाबलेल्या असतात, झिप म्हणजे नुसतं पोतं. तिथे सगळा भार डिस्कवर. तुकडे पाडलेले रार बऱ्याचदा 'स्टोअर' पद्धतीने, म्हणजे न दाबताच बांधलेले असतात. तीही निव्वळ कॉपीच.

म्हणून सहा कोर, पण प्रत्येक कोर चपळ. रायझन ५ ७६०० घ्या: ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, आत ग्राफिक्स आहे, जीटी ७३० चे पैसे वाचले. बी६५० च्या बऱ्याच बोर्डांवर २.५ गिगाबिट लॅनही मिळतं. बजेट ताणलं गेलं तर आय५-१२४००, पण नावापुढे 'एफ' नको, त्यात ग्राफिक्स नसतं. ५६००जी स्वस्त दिसेल, पण त्याची एल३ कॅश १६ एमबी (५६०० ला ३२) आणि पीसीआयई ३.० वरच थांबतो.

१४७००एफ बद्दल अजून एक. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांची अस्थिरता २०२४ मध्ये जगभर गाजली, आणि ती पकडली गेली ती बऱ्याच अंशी डेटा उलगडतानाच: गेम चालू होताना डिकॉम्प्रेशनमध्ये एरर. इंटेलने मायक्रोकोड दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर घ्यायचाच तर पहिल्या दिवशी बायोस अपडेट करा. तुमच्या कामाला तो हवाच कशाला, हा प्रश्न वेगळा.

रॅम ३२ जीबी, १६ च्या दोन स्टिक. उलगडायला डिक्शनरीएवढी (मागचा जितका डेटा हाताशी ठेवावा लागतो तितकी) मेमरी लागते, ती बहुतेक फाइलींना काही शे एमबी. विनरार ७ पासून (२०२४) ६४ जीबीपर्यंत डिक्शनरी ठेवता येते, पण तसलं काही कोणी पाठवलं तर त्यालाच परत पाठवा. ३२ जीबी हवी ती क्यूजीआयएससाठी (नकाशे-प्रतिमा बघायचं सॉफ्टवेअर).

आणि सेव्हन-झिपच्या बेंचमार्कचे आकडे बघून प्रोसेसर निवडू नका. तो प्रत्येक थ्रेडला वेगळा डेटा देऊन बेरीज दाखवतो. एका फाइलीचा अंदाज हवा तर थ्रेडची संख्या १ करून चालवा.

---

टीबीडब्ल्यू_बघून_घ्या

वर प्रोसेसरचं बरोबर सांगितलंय, पण यादीतली खरी खोट आहे ती क्यूएलसी आणि बाराकुडा.

आधी डाउनलोडची भीती काढून टाका. ३०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ३७.५ एमबी. हा वेग दहा वर्षं जुनी हार्ड डिस्कही झेलते. तुमचा महिन्याचा दीड टीबी लाइन भरून चालली तर ११ तासांचा माल आहे. डिस्क दमते ती उलगडताना.

क्यूएलसी ड्राइव्ह सुरुवातीचं लिखाण जलद कॅशमध्ये घेतो. ती भरली की खरा वेग उघडा पडतो. सॅमसंगच्या स्वतःच्या माहितीपत्रकातला ८७० क्यूव्हीओ १ टीबी घ्या: ४२ जीबीपर्यंत सेकंदाला ५३० एमबी, त्यानंतर ८०. इंग्रजी विकिपीडियाचा डम्प उलगडून १०० जीबीच्या आसपास जातो असं धरा. पहिले ४२ जीबी दीड मिनिटात, उरलेले ५८ जीबी बारा मिनिटांत. एनव्हीएमई क्यूएलसीचीही हीच कथा, फक्त कॅश मोठी असते आणि ड्राइव्ह भरत गेला की तीही आकसते. म्हणून कुठलाही एसएसडी असो, १५-२० टक्के मोकळा ठेवा.

टिकाऊपणाचा हिशेब: दीड अधिक अडीच, महिन्याला ४ टीबी लिखाण, वर्षाला ४८. क्रुशियल पी३ १ टीबीची हमी २२० टीबीडब्ल्यू (एकूण इतके टीबी लिखाण), म्हणजे साडेचार वर्षं. डब्ल्यूडी ब्लॅक एसएन७७० १ टीबी ६०० टीबीडब्ल्यू, बारा वर्षं. ७७० ला डीरॅम नाही म्हणून कोणी नाक मुरडेल. या कामाला त्याने फरक पडत नाही, टीएलसी (एका सेलमध्ये तीनच बिट) असणं महत्त्वाचं. शक्य असेल तर २ टीबीच घ्या.

खरेदी करताना पूर्ण मॉडेल नंबर मागा. "१ टीबी एनव्हीएमई" एवढंच लिहिलेलं कोटेशन स्वीकारू नका. किंग्स्टन एनव्ही२ सारख्या ड्राइव्हमध्ये नेमकी कुठली चिप निघेल हे खोक्यावरून कळत नाही.

२ टीबी बाराकुडा एसएमआर आहे. त्यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, एक बदलायला शेजारचे पुन्हा लिहावे लागतात. एकदा भरून ठेवायला ठीक, पण त्यावर हजारो फाइली उलगडल्या की मधूनच वेग कोसळतो. सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढलेली) घ्या: आयर्नवुल्फ किंवा डब्ल्यूडी रेड प्लस. नुसतं 'रेड' नको, 'प्लस' बघा. आणि तिचा वापर फक्त झालेलं काम ठेवायला.

---

गोठ्यातला_अजगर

हार्डवेअरवर वरच्या दोघांनी सांगितलंय. पण निम्मं एक्स्ट्रॅक्शन तुम्हाला करायचीच गरज नाही.

सेंटिनेलची झिप न उलगडता क्यूजीआयएसमध्ये उघडते. मागे जीडीएएल (अशा प्रतिमा वाचणारं सॉफ्टवेअर) आहे, ते झिपच्या आतली जेपी२ थेट वाचतं. जेपी२ वाचणं मात्र प्रोसेसर खातं, तेव्हा रोज लागणारे बँड एकदाच जिओटिफ करून ठेवा. विकिपीडियाचा 'मल्टिस्ट्रीम' डम्प आणि त्याची इंडेक्स फाइल घेतलीत तर हवा तो लेख शंभर-शंभर लेखांच्या तुकड्यातून काढता येतो. सगळा डम्प चाळायचा असला तरी पायथॉन बीझेड२ वाचत-वाचत जातं, १०० जीबी डिस्कवर सांडायची गरज नाही. अडीच टीबीचे कदाचित अर्धाच टीबी होतील.

जे उलगडावंच लागेल त्यासाठी:

सेंटिनेलच्या फोल्डरांची नावं लांबलचक, आणि तीच नावं आतल्या फोल्डरांत पुन्हा. विंडोजची २६० अक्षरांची मर्यादा ओलांडली की "पाथ टू लाँग" येतं किंवा काही फाइली उतरतच नाहीत. ड्राइव्हच्या मुळाशीच दोन अक्षरी फोल्डर करा, डेस्कटॉपवर उलगडू नका. विंडोजचं स्वतःचं "एक्स्ट्रॅक्ट ऑल" वापरू नका, फार रेंगाळतं.

सेव्हन-झिपच्या खिडकीतून फाइल माउसने ओढून बाहेर टाकू नका. ती आधी सी ड्राइव्हच्या टेम्पमध्ये उलगडते, मग कॉपी होते. म्हणजे दुप्पट लिखाण आणि सी ड्राइव्ह भरला तर मधेच एरर. 'एक्स्ट्रॅक्ट' बटण दाबून ठिकाण द्या.

विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर प्रत्येक नवी फाइल तपासतो, छोट्या फाइली लाखभर असतील तर ते जाणवतं. फक्त कोपर्निकस-विकिपीडियाच्या फोल्डरला सूट द्या. इतरांकडून आलेल्या रारला कधीही नाही.

---

हफमनचा_वारस

टेम्पचा मुद्दा राहिलाच होता माझ्याकडून. आणि एक भर: "सीआरसी एरर" (उलगडलेला डेटा तपासणीत जुळला नाही) आली की लगेच पुन्हा डाउनलोड करत बसू नका. तीच फाइल दोनदा उलगडा. दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडली तर डाउनलोड खराब. साइटवर चेकसम दिला असेल तर ताडून बघा, सेव्हन-झिपच्या राइट-क्लिक मेन्यूत सीआरसी-एसएचएची सोय आहे. दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडली तर संशय रॅमवर. बायोसमधलं एक्स्पो प्रोफाइल (रॅमचा वाढीव वेग) बंद करून पुन्हा बघा, मग रात्रभर मेमटेस्ट.

---

सातारी_नकाशे

मंडळी, फारच उपयोगी. ७६००, १६ च्या दोन स्टिक, २ टीबी टीएलसी असं नवं कोटेशन मागवलंय. हार्ड डिस्क पुढच्या महिन्यात. एकच विचारायचं राहिलं: लाइन ३०० ची असून डाउनलोड सेकंदाला ११ एमबीच्या वर कधीच जात नाही. वायफायवर फोनला मात्र ३०० पूर्ण दिसतात. जुन्या मशीनचं लॅन कार्ड गेलं असेल का?

---

आठतारी

११ एमबी म्हणजे लिंक १०० वर जुळलीय. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा, १००/१०० दिसेल. कार्ड सहसा ठीक असतं, वायर बघा.

१०० ला चारच तारा लागतात: १, २, ३ आणि ६ नंबरच्या, म्हणजे नारिंगी आणि हिरवी जोडी. गिगाबिटला आठही लागतात. वायर ओढणारे कधी कधी निळी आणि तपकिरी जोडी कापून टाकतात किंवा क्लिपमध्ये नीट बसवत नाहीत. नेट चालतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पारदर्शक क्लिप उजेडात धरा, दाबायची खिट्टी मागच्या बाजूला आणि सोनेरी पिनांचं टोक वर. डावीकडून क्रम असा हवा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आठही तांब्याची टोकं पुढच्या भिंतीला टेकलेली हवीत. दुसऱ्या टोकालाही हाच क्रम.

वायर बरोबर असेल तर फायबरच्या डब्यातलं पोर्ट बदला. काही डब्यांत एकच पोर्ट गिगाबिट असतं, बाकीची १०० ची. कॅट५ई वायर २.५ गिगाबिटलाही पुरते, कॅट६ चे जास्तीचे पैसे देऊ नका.

---

सातारी_नकाशे

निळी जोडी क्लिपच्या बाहेरच कापलेली आहे. क्रिम्पिंग टूल आणायला निघालो.