पू काढून ताप उतरला, तरी अँटिबायोटिक किती दिवस?

प्रश्न (तासगाव तालुका):
माझे वडील ५८ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. खालची अक्कलदाढ महिनाभर ठणकत होती, पण द्राक्षबागेच्या छाटणीच्या गडबडीत त्यांनी दुखण्याच्या गोळ्यांवर दिवस ढकलले. मग एका रात्रीत हनुवटीखाली लाकडासारखी टणक सूज आली, तोंडात एक बोटही जाईना आणि थुंकी गिळता येत नसल्यामुळे ते मांडीवर टॉवेल घेऊन पहाटेपर्यंत बसून राहिले. मिरजेला सीटी स्कॅननंतर गळ्याला बाहेरून छेद देऊन पू काढला. आज आठवा दिवस आहे, ताप नाही. डॉक्टर अजून आठवडाभर तरी औषध चालू ठेवण्यास सांगतात. वडिलांना मात्र आता सगळे बंद करून घरी यायचे आहे. इतके दिवस औषध खरोखर लागते का?

उत्तर (कान-नाक-घसा तज्ज्ञ, सांगली):
लागते, आणि कृपया ते मध्येच थांबवू नका. अक्कलदाढेची मुळे खूप खोलवर असल्यामुळे तिथला पू थेट जबड्याखालच्या जागेत उतरतो. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णन केलेला हाच आजार. त्यात जीभ वर ढकलली जाऊन श्वास कोंडतो, म्हणून वडिलांना आडवे होता येत नव्हते. मानेतल्या पडद्यांमधून हा संसर्ग छातीपर्यंत उतरू शकतो, आणि मानेतल्या मोठ्या शिरेत गुठळी झाली तर तिचे संसर्गित कण फुप्फुसात जातात. साचलेल्या पुवात औषध नीट पोहोचत नाही, म्हणून छेद द्यावा लागला. पण भोवतालच्या सुजलेल्या भागातले जंतू औषधानेच मरतात. ते मिश्र असतात, त्यांत हवेशिवाय वाढणारेही असतात, म्हणून अँपिसिलिन-सल्बॅक्टम किंवा सेफ्ट्रिॲक्झोनसोबत मेट्रोनिडॅझोल शिरेतून देतात. मधुमेहींमध्ये क्लेबसिएला हा जंतू अधिक आढळतो आणि त्याच्यावर नुसते अँपिसिलिन चालत नाही, त्यामुळे पुवाच्या कल्चरचा अहवाल आवर्जून पाहावा. सुधारणा टिकली की तोंडाने गोळ्या देतात. सगळे मिळून साधारण दोन ते तीन आठवडे होतात.

उत्तर (कराड):
माझ्या मुलाला टॉन्सिलच्या मागे गळू झाले होते. सुईने पू काढल्यावर दुसऱ्याच दिवशी तो भाकरी खाऊ लागला, म्हणून पाचव्या दिवशी आम्हीच गोळ्या बंद केल्या. आठवड्याच्या आत त्याचा आवाज पुन्हा तोंडात गरम घास धरल्यासारखा येऊ लागला आणि पू दुसऱ्यांदा काढावा लागला. दादा, वडिलांना हे माझ्या वतीने सांगा.

उत्तर (कान-नाक-घसा तज्ज्ञ, सांगली):
एक विचारायचे राहिले: ती दाढ काढली आहे का? मूळ तिथेच राहिले तर औषध पूर्ण करूनही पू पुन्हा होऊ शकतो. साखरही रोज तपासली जावी. घरी गेल्यावर गिळताना त्रास, छातीत दुखणे किंवा श्वास घेताना घरघर जाणवली, तर रात्र असली तरी निघावे.

प्रश्नकर्ता:
दाढ अजून तशीच आहे. तोंड आता दोन बोटे उघडते. उद्या सकाळच्या राउंडला दाढेचे आणि कल्चरच्या अहवालाचे, दोन्ही विचारतो. कराडच्या ताईंचा अनुभव वडिलांना वाचून दाखवला. थोडा वेळ ते गप्प बसले आणि मग त्यांनी सलाईनचा हात पुढे केला.