मदत हवी आहे: घरातल्या शिलाई युनिटचा खर्च रिटर्नमध्ये कसा धरायचा?

नमस्कार, मी सोलापूरची, अशोक चौकाकडं राहते. खालच्या दोन खोल्यांत शाळेच्या युनिफॉर्मचं जॉबवर्क चालतं, कापड व्यापाऱ्याचं, दोरा-बटणं-चेन आणि शिलाई आमची. उलाढाल 18 लाखाच्या आसपास, पैसे सगळे बँकेतच येतात, 1 टक्का टीडीएस कापून. 2025-26 चं रिटर्न भरायचंय, पहिलंच आहे. टॅक्सवाले म्हणतात 44एडी मध्ये (छोट्या धंद्याला उलाढालीच्या ठराविक टक्के नफा धरायची सोय देणारं कलम) 6 टक्के नफा लावू, विषय संपला. पण मला काज-बटणाचं मशीन कर्जावर घ्यायचंय आणि बँक रिटर्नवरचं उत्पन्न बघते, 1 लाख 8 हजारावर कोण कर्ज देणार हो? हातात त्याहून बरंच जास्त उरतं, तेच खरं दाखवायचंय.

आता खर्चाचं सांगते. लाईटचं मीटर घर आणि युनिट मिळून एकच. बायकांची मजुरी दर आठवड्याला रोख, वहीत शर्ट, हाफ पँट, ट्यूनिक असे रकाने आहेत, पीसप्रमाणे हिशेब करून समोर सही, दोघी अंगठा लावतात. गठ्ठे न्यायला स्कूटर, ती घरालाही लागते. डिसेंबरात ओव्हरलॉक मशीन घेतलं. यातलं काय काय धरता येतं? जाणकारांनी प्लीज सांगा.

उत्तर: ताई, 6 टक्के (रोखीच्या जमेवर 8) ही कमीत कमी पातळी आहे, खरा नफा जास्त असेल तर तोच टाकायचा, आयटीआर-4 या रिटर्नच्या फॉर्ममध्येच टाकता येतो. त्यात खर्च वेगळे वजा होत नाहीत, मशीनचा घसाराही (झिजेपोटी दरवर्षी धरायचा खर्च) मिळाला असंच धरतात, पण खरा नफा काढायला तुमची वही लागणारच, ती अजिबात सोडू नका, माझ्या मते सगळ्यात भक्कम कागद तोच. रोख मजुरीला अडचण नाही, एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख द्यायचं नाही एवढंच. लाईटला खाली सबमीटर बसवून घ्या म्हणजे युनिटचा वाटा कुणी विचारला तर आकडा दाखवता येईल, पेट्रोलमधनं घरचा वापर वजा करा. खरा नफा काढताना मशीनवर घसारा 15 टक्के, पण वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला म्हणून निम्मा. कर्जाच्या हप्त्यातलं फक्त व्याज खर्चात येतं, मुद्दल नाही. आणि भिऊ नका, नव्या करप्रणालीत 12 लाखापर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट (करातली सूट) आहे, कर बसणार नाही, उलट टीडीएसचा रिफंड येईल. 6 टक्क्यांच्या खाली दाखवायचं असेल तरच हिशेबाची पुस्तकं, ऑडिट हे सगळं मागं लागू शकतं.

धागाकर्ती: खूप आभार दादा, मोठा घोर मिटला. अजून एक, सासूबाई रोज बटणं लावतात, त्यांची मजुरी धरली तर चालेल का?

उत्तर: हो, काम खरं असेल आणि दर बाकीच्यांइतकाच असेल तर चालतं. त्यांच्या खात्यावर पाठवा आणि वहीत त्यांचंही पान उघडा.