मदत हवी आहे : बाबांना 'बॅरेट्स' निघालंय, पुन्हा दुर्बीण कधी करायची?

नमस्कार मंडळी. आम्ही वणी तालुक्यातल्या खेड्यातले. बाबा साठीचे, कापूस-तुरीची शेती. छातीत जळजळ कित्येक वर्षांची, पण इनो घेऊन भागवायचे. भाकरीचा घास अडकतो म्हणाले तेव्हा नागपूरला एंडोस्कोपी केली. रिपोर्टवर 'बॅरेट्स इसोफेगस, सी० एम२'. बायोप्सीत इंटेस्टायनल मेटाप्लासिया (अस्तर आतड्यासारखं होणं) आहे, डिसप्लेसिया (कॅन्सरकडे झुकणारा पेशींतला बदल) नाही. म्हणजे कॅन्सर नाही, पण पोटातलं आम्ल वर येऊन येऊन अन्ननलिकेचं खालचं अस्तर बदललंय, एवढं समजलं.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, पाच वर्षांनी दुर्बीण करा. इथले म्हणतात, दर सहा महिन्यांनी करा. बाबांचं तिसरंच : "मले आता काहीच होत नाही बे, कायले चकरा मारता?" पॅन्टोप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी) सुरू झालं, खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा दिल्या, तेव्हापासून रात्रीचं आंबट पाणी खरंच थांबलंय. पण त्रास गेला म्हणजे अस्तर पूर्ववत झालं असं नाही ना? धास्ती त्याचीच आहे. खर्रा (तंबाखू-सुपारीचा) तर दवाखान्यातून निघाल्याबरोबर समोरच्या टपरीवर घोटून घेतला!

कोणाचं ऐकू? सेवाग्राम किंवा सावंगीला कोणी अशी तपासणी करून घेता का?

प्रतिसाद : दादा, माझ्या मोठ्या आईलाही हेच आहे, तिची तपासणी सेवाग्रामलाच होते. सी० म्हणजे नळीचा पूर्ण गोल घेर बदललेला नाही, एम२ म्हणजे बदललेला भाग २ सेंमीपर्यंत. डिसप्लेसिया नसेल तर ३ सेंमीच्या आत ५ वर्षांनी, त्यापुढे ३ वर्षांनी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या २०२२ च्या सूचनांत आहे. सहा महिन्यांची घाई डिसप्लेसिया निघाला तर. तुमच्यासारख्या केसमध्ये कॅन्सर होण्याचं प्रमाण वर्षाला अर्ध्या टक्क्याच्याही आत असतं. पण घास पुन्हा अडकला, वजन उतरलं, शौचाला काळी झाली तर पाच वर्षं मोजत बसू नका. गोळी जेवणाआधी अर्धा तास, आणि बरं वाटलं म्हणून बंद नाही. पुढच्या वेळी जुना रिपोर्ट, फोटो सोबत न्या. दर २ सेंमीवर चारही बाजूंनी बायोप्सीचे तुकडे घेणार का तेही विचारा. खर्र्याचं काकूंवर सोपवा, आमच्याकडे तोच उपाय चालला.

एक सांगा, रिपोर्टात अन्ननलिकेला सूज लिहिली आहे का? असेल तर दोनतीन महिने औषध देऊन पुन्हा एकदा बघतात, कारण सुजेखाली नीट दिसत नाही.

धागाकर्ता : आहे हो ताई, 'ग्रेड बी' लिहिलंय. हे कोणी बोललंच नाही. सोमवारी नागपूरला फोन लावतो.