मदत हवी आहे : दोह्यात नऊ तास, सोबत आई

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्याचे, नौपाड्यातले. नोव्हेंबरात ताईकडे लंडनला जातोय, मी आणि आई (वय ७१). वाटेत दोह्याला नऊ तास आहेत, सकाळी सहा ते दुपारी तीन, आणि वार नेमका शुक्रवार.

आईला शहर बघायचंच आहे. तिचा हा पहिलाच परदेश प्रवास. विमानतळावरून मेट्रोची रेड लाइन, मशैरबला गोल्ड लाइन आणि पुढचंच स्टेशन सूक वाकिफ (तिथला जुना बाजार), एवढं मी नकाशावर पाहिलंय. पण शुक्रवारी सकाळी तिथे बरंच बंद असतं ना? मग कॉर्निशवर समुद्राकाठी बसून लांबून इस्लामिक आर्ट म्युझियम बघितलं तरी चालेल.

काळजी तिच्या गुडघ्याची आहे. काल तलावपाळीला चालून बघितलं. दुसऱ्या फेरीत गडकरी रंगायतनसमोर कठडा धरून उभी राहिली, म्हणाली, "थांब जरा, पण दोहा रद्द करू नकोस हं."

शुक्रवारी मेट्रो किती वाजता सुरू होते? की सरळ टॅक्सी करू? भारतीय पासपोर्टवर व्हिसासाठी हॉटेल बुकिंग दाखवावं लागतं का? ज्येष्ठांना घेऊन कोणी अलीकडे गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.