हात जवळ घेतले की वेग वाढतो ते कळलं, पण वाढीव एनर्जी येते कुठून?

चौकस_नाना
पोरगी बारावीला आहे, फिजिक्सचा पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्स. फिरत्या स्टुलावर माणूस बसलाय, दोन्ही हातांत डंबेल, हात पसरलेले, आणि हात छातीशी घेतले की तो गरगर फिरायला लागतो. बाहेरचा टॉर्क (पिळणारा जोर) नाही म्हणून अँग्युलर मोमेंटम (मोमेंट ऑफ इनर्शिया गुणिले फिरण्याचा वेग) तेवढंच राहतं, मोमेंट ऑफ इनर्शिया (वजन अक्षापासून किती लांब पसरलंय त्याचं माप) कमी झाला म्हणून वेग वाढला, इथपर्यंत मान्य. पण पोरीने कायनेटिक एनर्जी (गतीमुळे असलेली ऊर्जा) काढली तर ती चक्क वाढलेली आली!! बाहेरून कुणी ढकललं नाही, मग ही जास्तीची एनर्जी कुठनं टपकली? तिच्या क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणे हे पेपरात येत नाही. फॉर्म्युला चालेल पण नुसता फॉर्म्युला फेकून जाऊ नका प्लीज.

गिरमिट
नाना, सकाळी जे पोहे खाल्ले त्यातून आली :) चेष्टा नाही, खरंच. अँग्युलर मोमेंटम टिकतं म्हणजे एनर्जीपण टिकलीच पाहिजे असं काही नाही, दोघांचे हिशेब वेगळे. एनर्जी म्हणजे एल स्क्वेअर बाय टू आय (एल म्हणजे अँग्युलर मोमेंटम, आय म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया), एल तोच आणि आय कमी झाला की एनर्जी वाढणारच. ती पुरवतात दंडाचे स्नायू, कारण फिरत असताना डंबेल बाहेर पळायला बघतात आणि तुम्ही ते आत ओढता, ते काम फुकट होत नाही.

आकडे घालून बघा. ३ किलोची दोन डंबेल, आधी मधल्या अक्षापासून ८० सेंमीवर, नंतर २० सेंमीवर. माणूस अधिक स्टूल यांचा आय २ धरा (हातांचं वजन सोडून देतोय, उगीच कीस नको). डंबेलचा आय म्हणजे किलो गुणिले मीटरमधल्या अंतराचा वर्ग, म्हणजे एकूण आय ५.८४ वरून २.२४ वर आला. आधी २ सेकंदांना एक फेरी असेल तर नंतर पाऊण सेकंदाला एक. एनर्जी साधारण २९ ज्यूलवरून ७५ ज्यूल. मधले ४६ ज्यूल तुमच्या हातांनी घातले, जमिनीवरचं ६ किलोचं पोतं टेबलावर ठेवायला साधारण एवढेच लागतात.

चौकस_नाना
हां हे पटलं. पण पोरीचा पुढचा प्रश्न तयारच आहे: ओढताना जोर लावतो तो केंद्राकडे आणि डंबेल चाललंय आडवं, नव्वद अंशातला फोर्स तर फक्त दिशा बदलतो ना, मग वेग कसा वाढवतो?

जुना_फिटर
नव्वद अंश फक्त गोल फिरताना असतो. ओढायला लागलात की डंबेल वर्तुळावर राहतच नाही, गोगलगाईच्या शंखासारख्या आत आत येणाऱ्या वळणाने जातं, म्हणजे त्याची दिशा थोडी आतल्या बाजूला कललेली असते आणि तुमचा ओढाही आतच आहे, मग फोर्सचा थोडा भाग वेगाच्या दिशेने पडतो आणि स्पीड वाढतो. दोरीला दगड बांधून गरागरा फिरवा आणि दोरी नळीतून खाली खेचा, डोळ्याला दिसेल.

नेत्रा_के
फिटरकाका, दोरी-दगडाला हे शंभर टक्के बरोबर, पण स्टुलावरच्या माणसाला लावलं तर गाडी चुकीच्या स्टेशनात जाते. गिरमिट यांचेच आकडे घ्या. डंबेलचा स्पीड म्हणजे अक्षापासूनचं अंतर गुणिले फिरण्याचा वेग (सेकंदाला किती रेडियन, एक फेरी म्हणजे ६.२८), आधी ०.८ गुणिले ३.१४, म्हणजे सेकंदाला २.५ मीटर. नंतर ०.२ गुणिले ८.२, म्हणजे फक्त १.६ मीटर. डंबेल हळू झालं!! जोरात फिरायला लागला तो माणूस.

होतं असं की डंबेल आत येताना जास्त स्पीडने येतं आणि आत तर तेवढ्याच फेऱ्यांना कमी स्पीड पुरतो, म्हणून ते पुढे पळायला बघतं आणि तळहाताला फिरण्याच्या दिशेने रेटतं. तो रेटा हातातून खांद्यात, खांद्यातून धडात. म्हणजे डंबेलांनी आपलं अँग्युलर मोमेंटम माणसाला दिलं, बेरीज तीच राहिली. एनर्जीत बघितलं तर दोन डंबेलांची १९ ज्यूलवरून ८ वर आली आणि माणूस-स्टुलाची १० वरून ६७ वर गेली. पुस्तकात अख्ख्या सिस्टमचा एकच आय लिहितात त्यामुळे ही आतली देवाणघेवाण दिसतच नाही, माझ्या मते धड्यातली खरी मजा तीच आहे आणि तीच गाळतात.

जुना_फिटर
ओढायचा जोर मात्र लागतोच ना, मी तेच म्हणतोय.

नेत्रा_के
हो हो, काम त्या ओढण्यातूनच येतं, फक्त जमा माणसाच्या खात्यात होतं. आणि जोर सारखा नसतो, सुरुवातीला एका हाताला अडीच किलो उचलल्याएवढा, ३०-३५ सेंमीवर सगळ्यात जास्त म्हणजे पावणेपाच किलोच्या आसपास, आणि छातीजवळ परत थोडा कमी.

रात्रपाळी
याची उलटी केस पण पोरीला सांगा नाना. १९५८ च्या जानेवारीअखेर अमेरिकेने पहिला उपग्रह सोडला, एक्सप्लोरर १. दोनेक मीटर लांब, बारीक नळकांड्यासारखा. तो लांबीच्या अक्षाभोवती गिरकी घेत राहील असं ठरलं होतं, पण वर गेल्यावर थोड्याच वेळात तो आडवा होऊन फेकलेल्या काठीसारखा कोलांट्या खायला लागला. टॉर्क कुणी दिला नव्हता! त्याला वायरचे चार लवचिक अँटेना होते, ते हलत राहिले, वाकताना थोडी थोडी उष्णता होऊन एनर्जी गेली. अँग्युलर मोमेंटम मात्र कुठे जाणार, अवकाशात द्यायला कुणी नाही. मग एल तोच ठेवून एनर्जी कमी करायची तर आय मोठा हवा, आणि काठीचा आय सगळ्यात मोठा असतो तो आडवी फिरताना. गिरमिट यांचाच फॉर्म्युला, फक्त उलट्या बाजूने. गणितवाल्यांना डोकं खाजवायला लावलं त्या चार तारांनी, कारण एकदम कडक, न वाकणारी वस्तू धरून केलेल्या गणितात हे येतच नाही.

चौकस_नाना
जबरी! हे तिला सांगितलं, आता ती विचारते की हात जवळ न घेता डंबेल नुसती सोडून दिली तर? वजन कमी झालं म्हणजे आय कमी, म्हणजे वेग वाढणार?

गिरमिट
नाही वाढणार. सोडलेली डंबेल स्वतःचं अँग्युलर मोमेंटम घेऊन सरळ उडून जातात, माणसाचं जेवढं होतं तेवढंच त्याच्याकडे राहतं, तो त्याच वेगाने फिरत बसेल. आणि हे घरी करू देऊ नका हो, सेकंदाला अडीच मीटरने ३ किलोचं लोखंड शोकेसच्या काचेत जाईल. ऑफिसची चाकाची खुर्चीपण नको, ती फिरायच्या ऐवजी घरभर घरंगळते, कॉलेजच्या लॅबमध्ये बॉल बेअरिंगवालं स्टूल असतं ते मागा.