मेळावली विसरू नका

पणजीच्या आझाद मैदानावर निषेधाच्या मेणबत्त्या पेटवून काही बदलत नाही, असं काहीजण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. पणजीतल्या गर्दीची बातमी होते, पण जोर गावातच लागतो. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या शेळ-मेळावली गावाचा उल्लेख अशा चर्चेत कुणीच करत नाही. आयआयटी प्रकल्पासाठी घेतलेल्या जागेची मोजणी रोखायला तिथल्या बायका पुढे उभ्या राहिल्या. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी अश्रुधूर सोसला आणि त्याच महिन्यात सरकारला प्रकल्प तिथून हलवावा लागला. वाडवडिलांपासून काजू राखलेली ती जमीन, पण कागदावर मालकी नाही (सत्तरीचं हे दुखणं फार जुनं).

आमच्या ग्रामसभेत आता ठराव इतिवृत्तात लिहून मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कुणी उठत नाही. पूर्वी पुढच्या सभेपर्यंत विरोधाचा ठरावच गायब व्हायचा.