इंटरनेटवाल्याने न्यूजग्रुप बंद केले तेव्हा... आपापले अनुभव टाका

प्रतापनगरकर:
जुनी मंडळी कोणी असाल तर लिहा. २००८ला मी न्यू जर्सीत होतो, तिथल्या इंटरनेटवाल्याचा मेल आला की युजनेटची, म्हणजे विषयवार चर्चेच्या या न्यूजग्रुपांची, सेवा बंद करून राहिलो, फारच थोडे ग्राहक वापरतात. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे अ‍ॅटर्नी जनरल कुओमो काही ग्रुपांमधल्या लहान मुलांच्या अश्लील फोटोंवरून प्रोव्हायडरांच्या मागे लागले होते, मग कोणी 'ऑल्ट'ने नाव सुरू होणारे ग्रुप उडवले, कोणी सगळेच. आम्ही आपले रेक डॉट स्पोर्ट डॉट क्रिकेटवर सचिन-लारा करत भांडणारे, आमचा काय संबंध? बिल एक सेंटही उतरलं नाही. आणि ते 'थोडे ग्राहक' म्हणजे आपणच, हे वाचून उगाच चोरी पकडल्यासारखं झालं होतं.

काळा स्क्रीन:
मी नागपूरच्या व्हीआरसीई इंजिनिअरिंग कॉलेजचा, म्हणजे २००२ला व्हीएनआयटी झालं त्याच्या आधीचा. नेटचं शेल अकाउंट म्हणजे नुसती अक्षरं, चित्र नाही की माउस नाही, टिन नावाच्या प्रोग्राममधून बाण दाबत दाबत ग्रुप वाचायचे. नेट फोनच्याच लाइनवर, म्हणून फोन तासभर एंगेज, बर्डीवरून मामा घरी येऊन ओरडून जायचा, लागत काऊन नाही बे तुमचा फोन! कॉम्प डॉट लँग डॉट सी या सी भाषेच्या ग्रुपवर पॉइंटरचा प्रश्न टाकला तर पहिल्याने लिहिलं गृहपाठ स्वतः कर, दुसऱ्याने पण तेच, तिसऱ्याने मात्र माझी चूक ओळीनिशी दाखवली, तेवढं मला कॉलेजात कोणी समजावलं नव्हतं.
पुढे नोकरीत ब्रॉडबँड घेतलं, त्याच्यावर न्यूजग्रुप पुरवणारा न्यूज सर्व्हर होता, एक दिवस लागेचना. हेल्पडेस्कला फोन केला तर ती बाई म्हणते, सर पेपर नाही आला तर पेपरवाल्याला विचारा ना.

सर्व्हर-रूम:
बाईंना हसू नका, आमच्या इंटरनेट कंपनीतही न्यूज सर्व्हर काय ते दोघांनाच माहीत होतं आणि त्यातला एक मी. युजनेटला मालक नाही, प्रत्येक सर्व्हर आपली प्रत ठेवतो आणि शेजारच्याला देतो, १९८०पासून असंच चालू आहे. मजकुराला जागा लागतेच किती, पण बायनरी, म्हणजे फायलींच्या ग्रुपांत लोक सिनेमे तुकडे करून टाकायचे त्यात डिस्क खलास, आज घेतलेलं परवा पुसा. साहेबांनी विचारलं वाचतं कोण, लॉग पाहिला तर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बंद मीच केलं. त्यातले एक काका महिनाभर मेल करत होते, फार वाईट वाटलं पण उत्तर काय देणार.

तर्रीवाला:
आम्ही त्या मानाने पोट्टे, आमचं ऑर्कुट, ती गूगलची फेसबुकासारखी साइट. ३० सप्टेंबर २०१४ला गेलं. वरच्यांचं एक बरं, एका कंपनीने हात काढला तरी बाकीच्यांकडे प्रती होत्या, आमचं सगळं एकाच्याच घरात. याहू ग्रुप्सचंही तेच, आधी फोटो-फायली गेल्या आणि १५ डिसेंबर २०२०ला उरलेलं. आमच्या लक्ष्मीनगरच्या शाळेच्या बॅचचे फोटो त्यातच होते, उतरवून ठेवतो म्हणणारा मीच होतो, जाऊ द्या.

काळा स्क्रीन:
युजनेटचे जुने मेसेज साठवणारी डेजा नावाची साइट होती, तिचा साठा गूगलने २००१मध्ये घेतला ना, त्यात माझा तो पॉइंटरचा प्रश्न आजही सापडतो. २२ फेब्रुवारी २०२४पासून तिथून नवं काही युजनेटवर जात नाही, जुनं दिसतं. पोराने शोधून काढलं आणि घरभर वाचून दाखवलं.

प्रतापनगरकर:
हे सगळं वाचून राहवलं नाही, काल रात्री इटर्नल सप्टेंबर नावाच्या न्यूज सर्व्हरवर खातं उघडलं, फुकट आहे, नुसता मजकूर मिळतो. क्रिकेटच्या ग्रुपात 'नागपूरहून टेस्ट' एवढंच टाकलं. सकाळी पाहतो तर कोण्या म्हाताऱ्याचं उत्तर: मला वाटलं जामठ्याच्या स्टेडियमवरच्या टेस्ट मॅचबद्दल काही असेल, टेस्ट मेसेज टाकायला ऑल्ट डॉट टेस्ट हा ग्रुप आहे.